पाते सरळ की वक्र? : नवजाताच्या श्वासमार्गाचा शोध

मूल जन्माला आले आणि रडले, की खोलीबाहेर ताटकळत बसलेल्या मंडळींचा जीव भांड्यात पडतो. त्या पहिल्या रडण्याला आपल्या घराघरांत केवढे महत्त्व आहे, हे निराळे सांगायला नको. बहुतेक मुले आपली आपणच रडतात. साधारणपणे दहांतील एकाला श्वास सुरू होण्यासाठी थोडीफार मदत लागते. अंग पुसणे, पाठ चोळणे, फार तर तोंडावर मास्क ठेवून पिशवीने हवा देणे एवढ्यावर काम भागते. शंभरांतील एखाद्यालाच त्याहून अधिक काही करावे लागते. अशा मुलासाठी डॉक्टर डाव्या हातात एक छोटेसे उपकरण घेतात. त्याला एक मूठ असते, मुठीला काटकोनात जोडलेले एक पाते असते आणि पात्याच्या पुढच्या भागात उजेडाची सोय असते. पात्याने जीभ बाजूला सारायची, घशाच्या तळाशी असलेले स्वरयंत्राचे द्वार प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचे आणि त्या द्वारातून अडीच ते साडेतीन मिलिमीटर व्यासाची नळी श्वासनलिकेत सरकवायची. हे सर्व अर्ध्या मिनिटाच्या आत उरकावे, असा आजचा दंडक आहे.

या उपकरणाला लॅरिंगोस्कोप म्हणतात. ‘स्वरयंत्रदर्शक’ हा प्रतिशब्द अर्थवाही असला, तरी रुग्णालयात तो कोणी उच्चारत नाही. म्हणून येथे रूढ शब्दच वापरतो. त्याची पाती मुख्यतः दोन तऱ्हेची असतात, सरळ आणि वक्र. मोठ्या माणसाला वक्र आणि अर्भकाला सरळ, असा नियम भूलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या छापला गेला. हा नियम आला कोठून, कोणी तो घालून दिला आणि तो पारखून पाहायला किती काळ जावा लागला, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. वैद्यकाशी माझा संबंध वाचकाचा; तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, ती सांगावीशी वाटते.

या इतिहासाचे पहिले प्रसिद्ध नाव एका गायनगुरूचे आहे. मान्युएल गार्सिया हे मूळचे स्पॅनिश. वडील आपल्या काळचे नामांकित गायक; १८१६ साली रोममध्ये रोसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला, त्यात त्यांची प्रमुख भूमिका होती. मारिया मालिब्रान आणि पोलिन व्हियार्दो या बहिणी युरोपभर गाजलेल्या. स्वतः गार्सिया मात्र रंगमंचावर फार रमले नाहीत, ते शिकवू लागले. आवाज नेमका कोठे आणि कसा तयार होतो, हा त्यांना छळणारा प्रश्न होता. ग्वाल्हेर-इंदूरच्या आपल्या वाचकांना हा छंद अनोळखी वाटू नये. गळ्याच्या तयारीवर रात्र रात्र चर्चा करणारी मंडळी आपणही पाहिली आहेत. फरक इतकाच, की गार्सियांना तो गळा आतून पाहायचा होता. १८५४ साली पॅरिसमध्ये फिरत असताना सूर्यप्रकाशाची तिरीप पाहून त्यांना युक्ती सुचली. लांब दांड्याचा, दंतवैद्याचा छोटा आरसा त्यांनी सहा फ्रँकना विकत घेतला, असे सांगतात. तो कोमट करून पडजिभेपाशी धरायचा आणि दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडायचे. आपलेच स्वरतंतू उघडताना-मिटताना त्यांनी पाहिले. १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. त्याआधी १८२९ मध्ये लंडनच्याच बेंजामिन बॅबिंग्टन यांनी अशाच तऱ्हेचे साधन दाखविले होते, परंतु ते मागे पडले. पुढे ट्यूर्क आणि चेरमाक या दोन वैद्यांनी आरसा रुग्णालयात नेला आणि श्रेयावरून आपसांत कडाक्याचे भांडण केले. गार्सिया आपले गाणे शिकवीत राहिले आणि शंभरी ओलांडून १९०६ साली वारले.

परंतु या आरशाची मर्यादा पहिल्या दिवसापासून उघड होती. पाहून घेणाऱ्याने ताठ बसले पाहिजे, तोंड उघडून जीभ बाहेर काढली पाहिजे, श्वास संथ ठेवला पाहिजे. हे गवयाला जमते. श्वासासाठी तडफडणाऱ्या तान्ह्या मुलाला कसे जमावे? म्हणजे ज्याला सर्वांत अधिक गरज, त्याच्यासाठी हे साधन निरुपयोगी होते.

नवजातासाठी त्या काळी काय चाले, हे आज वाचवत नाही. पॅरिसमध्ये शोसिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच श्वासनलिकेत घालण्याची खास वाकवलेली नळी तयार केली होती, पण ती बोटाच्या अंदाजाने घालायची असे. सर्वसाधारण रीत निराळी होती. मुलाला आळीपाळीने ऊन आणि गार पाण्यात बुडवीत, चापट्या मारीत. जर्मनीतील येना येथील शुल्त्से यांनी १८७१ साली मुलाला खांद्यांपाशी धरून वर-खाली झोके देण्याची पद्धत सांगितली आणि ती पुढे बराच काळ पाळली गेली. श्वास का येत नाही हे दिसत नव्हते, म्हणून बाहेरून जे करता येईल ते केले जात होते.

मोठ्या अर्भकांच्या बाबतीत नळीची निकड निर्माण केली ती घटसर्पाने. घशात राखी पडदा धरायचा आणि मूल गुदमरून जायचे. गळ्याला बाहेरून छेद देऊन वाट करणे हा एकच उपाय, आणि त्यातून वाचणारे थोडे. १८५८ साली पॅरिसच्या बूशू यांनी तोंडावाटे स्वरयंत्रात नळी बसविण्याचा प्रयत्न करून तो तेथील वैद्यक अकादमीपुढे मांडला. छेदाचे पुरस्कर्ते त्रुसो यांचे वजन मोठे होते. बूशूंची पद्धत बाजूला सारली गेली. न्यूयॉर्कच्या अनाथ अर्भकालयातील डॉ. जोसेफ ओ’ड्वायर यांना या मृत्यूंचे दर्शन रोजचेच होते. १८८० पासून जवळजवळ पाच वर्षे त्यांनी नळीचे आकार बदलून पाहिले आणि १८८५ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. मुलाला परिचारिकेने मांडीवर घट्ट धरायचे. डॉक्टरने डाव्या हाताची तर्जनी घशात खोल घालून स्वरयंत्रावरचे झाकण चाचपायचे, ते उचलून धरायचे आणि बोटाच्या कडेने धातूची नळी आत सोडायची. काही सेकंदांत काम झाले तर मूल वाचे. सगळा कारभार स्पर्शाचा. १८९० च्या दशकात घटसर्पावरचे प्रतिविष आले, तरी ओ’ड्वायर यांच्या नळ्या नंतर कित्येक वर्षे वापरात राहिल्या. ‘झाकण उचलून धरायचे’ हे त्यांचे तंत्र वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढच्या वादाचे बीज त्यातच आहे.

याच सुमारास आपल्याकडे, हैदराबादेत, श्वासासंबंधीच एक मोठा वाद रंगला होता. १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या खर्चाने तेथे दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा, की क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास बंद पडून. तेव्हा भूल देणाऱ्याने नाडीकडे नव्हे, श्वासाकडे पाहावे. दुसऱ्या आयोगासाठी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठविले. हृदयाला धोका नाहीच, हे लॉरींचे म्हणणे पुढे चुकीचे ठरले. श्वासाकडे पाहण्याचा उपदेश मात्र खोटा नव्हता. पण पाहायचे म्हणजे काय? छातीची हालचाल पाहायची, ओठांचा रंग पाहायचा. श्वासाची वाट प्रत्यक्ष पाहण्याचे साधन तेव्हा भूल देणाऱ्याच्या हाती नव्हते.

ते साधन १८९५ साली बर्लिनमध्ये जन्मले. अन्ननलिकेत घालायची सरळ नळी चुकून श्वासनलिकेत शिरल्याची एक हकीकत आल्फ्रेड किर्स्टाइन यांच्या कानावर आली. सरळ नळी आत जाते, तर मग सरळ नजरही गेली पाहिजे, असा विचार त्यांनी केला. त्यांनी विजेचा दिवा जोडलेले उपकरण घेतले, जिभेचे मूळ दाबून पुढे उचलले आणि आरशावाचून स्वरयंत्र पाहिले. दिनांक २३ एप्रिल १८९५. आता रुग्णाने सहकार्य करण्याची अट राहिली नाही. बेशुद्ध माणसाचे आणि तान्ह्या मुलाचेही स्वरयंत्र दिसू शकत होते.

अमेरिकेत पिट्सबर्ग आणि नंतर फिलाडेल्फिया येथे काम केलेल्या शेव्हेलियर जॅक्सन यांनी या विद्येला रूप दिले. दिवा त्यांनी पात्याच्या टोकाशी नेला. मुलांनी गिळलेल्या टाचण्या, नाणी, बटणे, दाणे त्यांनी आयुष्यभर काढले. अशा दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आजही मांडलेल्या आहेत. घरातील कॉस्टिक सोडा पिऊन अन्ननलिका जळालेली मुले पाहून हा गृहस्थ स्वस्थ बसला नाही. डब्यावर ‘विष’ असे छापणे सक्तीचे करावे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि १९२७ साली तसा कायदा झाला. शासनात उमेदवारी केलेल्या माणसाला अशा कायद्याचे मोल विशेष वाटते. एका ओळीच्या चिठ्ठीने किती शस्त्रक्रिया टळल्या असतील! जॅक्सन यांचे पाते सरळ होते आणि ते झाकणाखाली घालून झाकणच उचलायचे असे. ओ’ड्वायर यांच्या बोटाचेच काम आता पाते करू लागले. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेनवे यांनी मुठीत बॅटरी बसविली, आणि पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात सिडकप येथे चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांना भूल देता देता आयव्हन मॅगिल यांनी नळीचे तंत्र रोजच्या कामाचे केले. न्यूयॉर्कचे पॅल्युएल फ्लॅग यांनी १९२८ साली, गुदमरलेल्या नवजातांसाठी लॅरिंगोस्कोप आणि नळी वापरावी, असे प्रतिपादन करणारा लेख प्रसिद्ध केला. झोक्यांचे आणि चापट्यांचे युग तेथून हळूहळू ओसरू लागले.

आता दोन नावे अशी येतात, की ती आजही प्रत्येक भूलतज्ज्ञाच्या तोंडी असतात. १९४१ साली टेक्सासमधील सॅन अँटोनियोचे रॉबर्ट मिलर यांनी एक नवे पाते जाहीर केले. ते लांब, उथळ आणि सरळ होते. टोक तेवढे किंचित वर वळलेले. १९४६ साली त्यांनीच अर्भकांसाठी त्याची लहान आवृत्ती सांगितली. दुसरे नाव ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट मॅकिंटॉश यांचे. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत तोंड उघडे ठेवण्याचा आकडा एका रुग्णाच्या तोंडात नेहमीपेक्षा खोल गेला आणि स्वरतंतू अनायासे समोर दिसले. आकड्याच्या पात्याचे टोक झाकणाच्या खाली गेलेच नव्हते. जिभेचे मूळ आणि झाकण यांच्या मधल्या खोबणीत ते टेकले होते, आणि जीभ पुढे ओढली जाताच झाकण आपोआप वर आले होते. मॅकिंटॉश यांचे तंत्रज्ञ रिचर्ड सॉल्ट यांनी ते पाते लॅरिंगोस्कोपच्या मुठीला जोडून दिले. १९४३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे वर्णन आले. वक्रता ही या पात्याची खूण झाली खरी, पण त्यातली मूळ कल्पना वक्रतेची नव्हतीच. झाकणाला हात न लावता ते उचलायचे, ही ती कल्पना होती.

याला त्या काळी सबळ कारण होते. झाकणाच्या खालच्या पृष्ठभागाची संवेदना एका मज्जातंतूकडे, खोबणीची दुसऱ्याकडे. खालून स्पर्श झाला की ठसका, स्वरतंतू आवळणे, नाडी मंदावणे या प्रतिक्रिया अधिक उमटतात, असे मानले जाई. स्नायू सैल करणारे क्युरारे हे औषध माँट्रियलमध्ये ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी भुलीत प्रथम वापरले ते १९४२ साली. त्याचा प्रसार व्हायला आणखी काही वर्षे लागली. भूल हलकी, स्नायू ताठ, आणि युद्धामुळे घाईत शिकून तयार झालेले डॉक्टर. अशा काळात झाकणाला न डिवचणारे पाते लोकप्रिय व्हावे, यात नवल नाही. थोड्याच वर्षांत प्रौढांसाठी वक्र पाते सार्वत्रिक झाले.

मग अर्भकाला सरळ का? कारण दिले जाई ते शरीररचनेचे, आणि ते वरवर पाहता पटण्याजोगे आहे. तान्ह्या मुलाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते. स्वरयंत्र मोठ्या माणसाच्या मानाने वर, जिभेच्या जवळ असते. झाकण लांबट, मऊ आणि दुमडलेले असते. खोबणीतून रेटा दिला तरी ते पुरेसे उचलले जाणार नाही, म्हणून त्याखाली सरळ पाते घालून तेच उचलावे. डोक्याचा मागचा भाग मोठा असल्याने मान आपोआप पुढे झुकते. मोठ्या माणसासारखी उशी देण्याऐवजी खांद्याखाली पातळ घडी ठेवावी लागते. मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे, हे सूत्र यातूनच रूढ झाले. ते योग्यच आहे. या सूत्राच्या आधारे पुढल्या दोन दशकांत पात्यांचे पेवच फुटले. १९५२ साली ऑक्सफर्डच्या ब्राइस-स्मिथ यांचे, १९५७ मध्ये सीवर्ड यांचे खास नवजातासाठी, १९६२ साली रॉबर्टशॉ यांचे. शिवाय विस्कॉन्सिन आणि तिचे पोटभेद. रॉबर्टशॉ पात्याने झाकण खोबणीतूनही उचलता येई, म्हणजे सरळ आणि वक्र यांच्या मधला तो एक मार्ग होता. प्रत्येक कर्त्याने आपले पाते सोयीचे असल्याचे लिहिले. प्रत्येकाच्या हाताला ते सोयीचे असणारच. पण शंभर मुले घेऊन, चिठ्ठ्या टाकून, निम्म्यांना हे आणि निम्म्यांना ते असे मोजमाप त्यांतील कोणी केले नाही. त्या काळी तशी रीतही नव्हती.

नियम एकदा पुस्तकात शिरला की तो किती चिवट होतो, याचे दुसरे उदाहरण याच घशातले आहे आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९५१ साली अमेरिकन भूलतज्ज्ञ जेम्स एकेनहॉफ यांनी अर्भकाच्या स्वरयंत्रावर एक निबंध लिहिला. अर्भकाचा श्वासमार्ग नरसाळ्यासारखा असून त्याचा सर्वांत अरुंद भाग स्वरतंतूंपाशी नाही, त्याखालच्या अंगठीसारख्या कूर्चेपाशी आहे, असे त्यात होते. त्याला आधार होता बाये या फ्रेंच वैद्याने १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या, मृत मुलांच्या घशात प्लास्टर ओतून काढलेल्या साच्यांचा. बाये यांचा विषय होता घटसर्पात घालायची नळी. स्वतः एकेनहॉफ यांनी बजावले होते, की मृतदेहावरची मापे जिवंत मुलाला जशीच्या तशी लागू पडतीलच असे नाही. पुढे नियम तेवढा उतरत गेला आणि इशारा गळत गेला. लहान मुलांना फुगा नसलेलीच नळी घालावी, ही प्रथा त्यावर पन्नास वर्षे उभी राहिली. २००३ साली लिटमन आणि सहकाऱ्यांनी ९९ मुलांची एमआरआय चित्रे मोजली, २००९ साली आणखी एका गटाने दुर्बिणीतून मापे घेतली. जिवंत मुलांत सर्वांत अरुंद जागा स्वरतंतूंच्या पातळीला आणि लगत खालीच आढळली. कूर्चेची अंगठी ताणली जात नाही, त्यामुळे नळीला ती अडते, हे खरेच; पण नरसाळे मात्र प्लास्टरचेच होते. २००९ च्याच एका युरोपीय अभ्यासात २,२४६ मुले होती. फुगा नसलेली नळी मापाला न बसल्याने बदलावी लागण्याचे प्रमाण ३०.८ टक्के निघाले, फुग्याच्या नळीचे २.१ टक्के. अडीच किलोंहून लहान नवजातांसाठी आजही बहुधा फुगा नसलेलीच नळी वापरतात, एवढे येथे नोंदवितो.

पात्याची परीक्षा व्हायला आणखी काही वर्षे लागली. २०१४ साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांतील एक आपल्या जवळचा, मणिपाल येथला. १ ते २४ महिने वयाच्या १२० मुलांत मिलरचे सरळ आणि मॅकिंटॉशचे वक्र पाते यांची तुलना त्यात केली होती. दुसरा अमेरिकेतला, दोन वर्षांखालील ५० मुले, एक क्रमांकाची दोन्ही पाती, आणि प्रत्येक पात्याने झाकण उचलून तसेच जिभेचे मूळ उचलून दिसणारे दृश्य. दोन्हींचा निष्कर्ष जवळपास सारखा निघाला : स्वरयंत्राचे दर्शन दोन्ही पात्यांनी सारखेच होते. एकाने नीट दिसले नाही, तर दुसरे घेऊन पाहावे. मिलर यांचे पाते अर्भकांसाठी आले त्याला तोवर ६८ वर्षे झाली होती. अर्थात ही मुले शस्त्रक्रियेसाठी नीट भूल दिलेली, निरोगी श्वासमार्गाची आणि महिन्यावरची होती. प्रसूतिगृहातील हजार-बाराशे ग्रॅमच्या, अपुऱ्या दिवसांच्या जिवाला हा निष्कर्ष सरसकट लावता येणार नाही. तेथे पाते तोंडात मावण्याचाच प्रश्न असतो, आणि त्यासाठी शून्य क्रमांकाचे सरळ पाते आजही पहिली पसंती आहे; पूर्ण दिवसांच्या मुलाला एक क्रमांकाचे.

येथे नोकरीतील एक आठवण सांगतो. एका जिल्ह्यात असताना साहित्य-खरेदीच्या नस्त्या माझ्याकडून जात. एका रुग्णालयाच्या मागणीपत्रात ‘लॅरिंगोस्कोप, संच एक’ एवढेच लिहिलेले होते. संच आला, पात्यांची मापे तीन, तिन्ही मोठ्या माणसांची. प्रसूती विभागासाठी घेतलेला तो संच तपासणीत पूर्ण ठरला, कारण कागदावर ‘संच’ होता. सरळ की वक्र यावर भूलतज्ज्ञ वाद घालीत असताना, एका टेबलावर शून्य क्रमांकाचे पातेच नव्हते. पुढे ते मागवले गेले, पण त्याला एक आर्थिक वर्ष लागले. असो.

पात्याच्या आकाराने फारसा फरक पडत नसेल, तर मग फरक कशाने पडतो? याचे उत्तर मेलबर्नच्या प्रसूतिगृहात चित्रित केलेल्या प्रयत्नांच्या २००६ सालच्या एका अभ्यासात दिसू लागले होते. नवजातांना नळी घालण्याच्या ६० प्रयत्नांपैकी ६२ टक्केच यशस्वी झाले, आणि नवख्या डॉक्टरांचे यश अनुभवी डॉक्टरांहून बरेच कमी होते. तेव्हा मर्यादा २० सेकंदांची होती; बहुतेक यशस्वी प्रयत्नांनाही त्याहून अधिक वेळ लागला, आणि नंतर ती मर्यादा ३० सेकंद करण्यात आली. नवख्यांचा हात बसायला संधीही कमी होत गेली. नाकावाटे दाबाने हवा देण्याच्या पद्धतीमुळे पुष्कळ अपुऱ्या दिवसांची मुले नळीवाचून वाचू लागली. गर्भजलात शी केलेल्या मुलांना सरसकट नळी घालून घसा साफ करण्याची जुनी रीत रडणाऱ्या मुलांच्या बाबतीत २००० च्या आसपास आणि न रडणाऱ्यांच्या बाबतीत २०१५ साली मागे पडली. मुलांच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. शिकणाऱ्याच्या वाट्याला मात्र वर्षाकाठी मोजकेच प्रसंग उरले.

आणि शिकायचे कसे? किर्स्टाइनपासून शंभर वर्षे या विद्येत एक अडचण तशीच राहिली होती. पात्याच्या फटीतून एका वेळी एकाच माणसाला दिसते. शिकणारा वाकून पाहतो, शिकविणारा त्याच्या पाठीमागे उभा राहून ‘काय दिसते?’ असे विचारतो. शिकणारा म्हणतो, ‘स्वरतंतू.’ ते स्वरतंतूच आहेत की अन्ननलिकेचे तोंड, हे दुसऱ्याला कळण्यास मार्ग नाही. नळी अन्ननलिकेत गेली की हवा पोटात जाते आणि मूल काळेनिळे पडत जाते.

२००१ साली कॅनडातील शल्यचिकित्सक जॉन पेसी यांचे ग्लाइडस्कोप बाजारात आले. पात्याच्या पोटात कॅमेरा आणि बाजूला पडदा. त्याचे पाते फार वाकडे होते. दृश्य सुरेख दिसे, पण नळीला तेवढे वळण घेता येत नसे. लहान मुलांवरील आरंभीच्या अभ्यासांत दृश्य सुधारले आणि वेळ मात्र वाढला, अशी चमत्कारिक स्थिती होती. मग जुन्याच आकारांच्या पात्यांत कॅमेरा बसविण्यात आला. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अमेरिका-ऑस्ट्रेलियातील अभ्यासात वर्षाखालील ५५२ अर्भकांची तुलना होती. मिलर आकाराच्याच पात्यात कॅमेरा असता पहिल्या प्रयत्नात यश ९३ टक्के, नुसत्या डोळ्याने ८८ टक्के. साडेसहा किलोपर्यंतच्या मुलांत हे अंतर वाढले : ९२ आणि ८१. नळी अन्ननलिकेत जाण्याचे प्रसंग एका गटात एक, दुसऱ्यात सात. या अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेचे आडनाव योगायोगाने गार्सिया-मार्सिंकिएविच असे आहे. त्या गायनगुरूंशी नाते अर्थातच आडनावापुरते.

२०२४ साली डब्लिनच्या राष्ट्रीय प्रसूती रुग्णालयातील निष्कर्ष आले. ते नेमके नवजातांचे, प्रसूतिगृहातले आणि अतिदक्षता कक्षातले होते. २१४ मुले. पडद्यावर पाहून पहिल्या प्रयत्नात यश ७४ टक्के, थेट डोळ्याने ४५ टक्के. पाठीमागे उभ्या असलेल्या ज्येष्ठाला आता ‘काय दिसते?’ असे विचारावे लागत नव्हते. ओ’ड्वायर यांच्या काळी जे एका बोटाला कळत होते आणि जॅक्सन यांच्या काळी एका डोळ्याला दिसत होते, ते आता खोलीतील सर्वांना दिसू लागले. माझ्या मते या सबंध इतिहासात सरळ आणि वक्र यांतील निवडीपेक्षा ही घटना मोठी आहे, आणि ती घडवून आणणाऱ्या यंत्रात पाते मिलर यांचेच राहिले आहे, हेही विसरता कामा नये.

पडद्याची ही यंत्रे महाग आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय नवजातशास्त्र मंचाने १९९० साली पुनरुज्जीवनाचे पद्धतशीर शिक्षण सुरू केले. २००९ मध्ये आलेल्या ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमा’त परिचारिकांना आणि डॉक्टरांना आधी मास्क आणि पिशवी शिकवली जाते, कारण बहुतेक मुले तेवढ्यानेच श्वास घेऊ लागतात. नळीची पाळी आली, तर लहान गावांतील पुष्कळ टेबलांवर अजून तोच जुना लॅरिंगोस्कोप असतो. म्हणून प्रसूतीपूर्वी ट्रे लावताना तपासायच्या यादीत शून्य आणि एक क्रमांकाची सरळ पाती, जादा बल्ब आणि जादा सेल असतात, आणि दिवा लागतो की नाही हे मूल येण्याआधी एकदा पाहून ठेवायचे असते.